मदत हवी आहे: आजीचं पांढरं लुगडं, डाग काढायचे आहेत, घाई आहे

इंदोऱ्याची_नात
जय भीम, नमस्कार.
आजीचं लुगडं ट्रंकेतून काढलं तर डागच डाग. आत्या म्हणते, उद्या सकाळीच ब्लिचिंग पावडरमध्ये टाकते, वरून नीळ देते, नव्यासारखं होईल. मोठे बाबा म्हणतात, धुवायचंच नाही, काचेत बसवून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावू. दसऱ्याला सगळं घर जमणार आहे, त्याआधी काय ते ठरलं पाहिजे. मला एवढंच सांगा की डाग कशानं जातील आणि कापड फाटणार नाही. नेटवर सगळे सिल्कच्या साडीचं सांगतात, ते मला नको. ज्यांनी खरंच केलं आहे त्यांनीच सांगा.

धंतोलीच्या_काकू
लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाका. माझ्या सासूबाईंच्या टेबलक्लॉथवरचे डाग असेच गेले. नागपूरचं ऊन असताना ब्लिच कशाला हवं?

रसायनवाले_सर
काकू, थांबा जरा. ताई, डाग कसले आहेत? नारिंगी, पिवळे, तपकिरी, काळे? कापड सुती आहे की आणखी कसलं? किती जुनं? हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच राहणार. तोवर आत्यांना ब्लिचपासून लांब ठेवा, बाकी सगळं नंतर.

नवी_शिलाई
जुन्या सुती साड्यांचे खूप सुंदर कुर्ते होतात. डागांचा भाग कापून टाकायचा आणि चांगल्या भागाचे घरातल्या सगळ्या मुलींना एकेक कुर्ता किंवा दुपट्टा. आजीची आठवण प्रत्येकीच्या अंगावर राहते. मी मानेवाड्याला शिवते, हवं तर मेसेज करा.

इंदोऱ्याची_नात
कापायचं नाही! कृपा करून कापायचं कोणी सुचवू नका.
सुती आहे. नऊवारी. बारीक निळा काठ आहे, बाकी पूर्ण पांढरं. डाग सगळ्या प्रकारचे आहेत.

गांधीबाग_कापडवाला
सगळ्या प्रकारचे म्हणजे काय बाप्पा? फोटो टाका. आणि इतकं नाजूक काय आहे त्यात? सुती नऊवारी आजही मिळते, तशीच निळ्या काठाची. इतवारीत फिरून पाहा. नवी घ्या आणि जुनी आठवण म्हणून ठेवून द्या.

इंदोऱ्याची_नात
दादा, नवी घेऊन काय करू? आजी हे नेसून १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्या दसऱ्याला, दीक्षाभूमीवर गेली होती. दसरा म्हटल्यावर आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. आजी कालकथित झाली, आता घरात त्या दिवसाचं एवढंच उरलं आहे. दुसरं काही नाही, फोटोसुद्धा नाही.

मिलमजुराचा_पोरगा
जय भीम ताई. वाचून अंगावर काटा आला. आमचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, तेही गेले होते. दीक्षाभूमी म्हणजे तेव्हा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटची जागा होती. ते सांगायचे की दसऱ्याच्या आधी गावात पांढरं कापड मिळेना, जो तो पांढरं नेसूनच जाणार म्हणून बसलेला. कोणी धोतर फाडून दोघांत केलं, कोणी चादरीचा सदरा शिवला. आमच्याकडे त्यातलं काहीच राहिलं नाही. सदरा पुढं मळ्यात वापरून वापरून संपला. तुमच्याकडे आहे ते जपा.

चंद्रपूरकर
एक शंका. नक्की १४ का? कारण १५ तारखेलाही नागपूरला उरलेल्या लोकांना दीक्षा दिली होती, आणि १६ ला आमच्या चंद्रपूरला. कित्येक घरांत सगळ्यांचंच १४ असं सांगतात. तुमच्या आजी कुठून आल्या होत्या?

इंदोऱ्याची_नात
१४ च. आजी नागपुरातल्या इंदोऱ्यातलीच, माहेरही इथलंच, सासरही इथलंच. पहाटेच निघाली होती. महास्थवीर चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना दीक्षा दिली, मग बाबासाहेबांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, हे ती स्वतः सांगायची. बावीस प्रतिज्ञा तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या, लिहिता वाचता येत नव्हतं तरी. पण माझा प्रश्न डागांचा आहे. फोटो टाकले आहेत, पाहा.

रसायनवाले_सर
फोटो पाहिले, चांगले आले आहेत. आता मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि तुम्ही तिन्हींना डाग म्हणत आहात.
एक, ते छोटे नारिंगी ठिपके, ओळीत आलेले. तो लोखंडाचा गंज आहे.
दोन, घडीच्या बाहेरच्या भागावर मोठे पिवळट-तपकिरी पट्टे. हे कशात गुंडाळलेलं होतं?
तीन, पदराच्या कोपऱ्यात ती काळी, नखाएवढी खूण. तिच्याबद्दल नंतर बोलू.
आणि ट्रंक लोखंडाची आहे ना?

इंदोऱ्याची_नात
हो, लोखंडी पेटी, कडीजवळचा पत्रा गंजला आहे. लुगडं पेपरात गुंडाळलेलं होतं, डांबराच्या गोळ्या त्यातच होत्या. पेपर इतका पिवळा पडला आहे की हात लावला की तुटतो.

रसायनवाले_सर
मग उत्तर मिळालं. वर्तमानपत्राचा कागद आंबटपणा धरतो आणि जे त्याला चिकटून असेल त्याला तो देतो. तपकिरी पट्टे त्याचे. जो कागद स्वतः तुटतो आहे, तीच गत तो कापडाची करतो. पेपर आजच बाजूला करा, फक्त तारखेचा तुकडा असेल तर वेगळ्या पाकिटात ठेवा, कापड केव्हा पेटीत गेलं ते त्यावरून कळेल.
ब्लिचबद्दल आत्यांना असं सांगा: सुतात गंज असेल आणि त्यावर क्लोरीनचं ब्लिच पडलं, तर नेमक्या त्या ठिपक्यांच्या जागी धागा कुजतो. आज ठिपका आहे, धुतल्यावर भोक असेल. नीळ दिल्यानं पिवळेपणा जात नाही, डोळ्यांना कमी दिसतो इतकंच, आणि ती जुन्या सुतात डागाडागांनी बसते.
आणि काकू, राग मानू नका, टेबलक्लॉथ वेगळा. लिंबानं गंज सुटतो हे खरं आहे, पण लिंबाचं आम्ल कापडात राहून वर ऊन मिळालं की जुनं सूत फार लवकर कमकुवत होतं.

धंतोलीच्या_काकू
राग कसला. पण आमचा टेबलक्लॉथ अजून धडधाकट आहे, वीस वर्षं झाली. प्रत्येक गोष्टीत रसायनशास्त्र आणलं की घरची बाई काही करूच शकत नाही. आमच्या आयांनी कपडे जपले ते काय पुस्तक वाचून?

गांधीबाग_कापडवाला
काकू, कपडे जपले ते नेसून, धुवून, परत नेसून. सत्तर वर्षं एका घडीत दाबून नाही ठेवले. मी दुकानात पाहतो, गाठीत बरीच वर्षं पडलेला सुती माल उलगडला की घडीवर चिरतो. हे लुगडंही घडीवरच जाणार, डागांवर नाही. ताई, घडीच्या रेघा उजेडासमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसतो का?

इंदोऱ्याची_नात
पाहिलं. मधल्या घडीवर दोन ठिकाणी धागे सुटले आहेत. एका जागी जुनं रफूही आहे, काळ्या दोऱ्यानं, अगदी बारीक टाके, एकाला एक लागून. ते आजीचंच असणार, ती अंधारातसुद्धा सुईत दोरा ओवायची. आता ती घडी पुन्हा घालायचीच नाही का?

गांधीबाग_कापडवाला
नाही घालायची. घडी म्हणजे रोजचं ओझं एकाच धाग्यावर. गुंडाळी करा. दुकानातून कापडाच्या तागाची पुठ्ठ्याची नळी आणा, जाड असेल तितकी बरी. त्यावर धुतलेला मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, गुंडाळा, मग लुगडं, मग वरून परत मांजरपाट. नाडीनं सैल बांधा, करकचून नाही. मांजरपाट गांधीबागेत ढीगभर मिळते, कोरा घ्या, रंगीत नको.

संग्रहालयवेडा
दादा बरोबर सांगतात. फक्त एक भर घालतो: मांजरपाट आणल्याबरोबर वापरू नका. गिरणीतून येताना त्याला खळ असते आणि खळीला कसर लागते. गरम पाण्यात दोन-तीनदा धुवून, खळ पूर्ण काढून, वाळवून मगच वापरा. पुठ्ठ्यालाही आम्ल असतं, म्हणून नळी आणि लुगडं यांच्यात मांजरपाटाचे दोन तरी थर हवेत. मिळाला तर आम्लरहित कागद घाला.
डांबराच्या गोळ्या कपड्याला चिकटून कधीच ठेवू नका. मुळात त्यांची गरजच नाही. अधूनमधून काढून पाहणं हेच मोठं औषध. कडुनिंबाची पानं सांगणारे येतीलच आता. पानांचा हिरवा डाग सुतीवर बसतो, त्यांनाही आत घालू नका.

अकोल्याचा_भाऊ
विषय निघालाच आहे तर विचारतो, दसऱ्याला रेल्वे स्टेशनवरून दीक्षाभूमीला पायी जायला किती वेळ लागते? मागच्या वेळी रिक्षावाल्यानं खूप पैसे घेतले. आई सोबत आहे, पाय दुखतात तिचे.

मिलमजुराचा_पोरगा
भाऊ, त्या दिवशी रिक्षा आत सोडतच नाहीत, अलीकडेच उतरवतात. मेट्रोनं या. आई असेल तर रात्रीच्या आत पोचा, गर्दी पहाटे वाढते. ताई, सॉरी, तुमच्या धाग्यात.

काचफ्रेम_महाल
मोठ्या बाबांचं म्हणणं मला पटतं. पेटीत ठेवलेलं कोण पाहतं? पुढची पिढी पाहील तर तिला कळेल. मी महालात फ्रेमचं काम करतो, मोठ्या वस्तूंच्या खोल फ्रेम करून दिल्या आहेत. पदराचा भाग दिसेल असं चौकोनी दुमडून लावता येतं.

संग्रहालयवेडा
दादा, दुमडून लावलं की पुन्हा तीच घडी. आणि काच कापडाला टेकली की पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी येते. हॉलमध्ये ट्यूबलाइट आणि खिडकीचं ऊन, दोन्हींनी सूत पिवळं पडतं. नऊवारी आहे, संपूर्ण कधीच फ्रेममध्ये मावणार नाही. लावायचाच तर लुगड्याचा मोठा फोटो लावा. चांगला, खऱ्या रंगातला, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. खरं लुगडं मात्र अंधारात, आडवं.

काचफ्रेम_महाल
काच टेकत नाही अशी बीडिंग आम्ही देतो, अतिनील किरण अडवणारी काचही मिळते. सगळंच वाईट म्हणू नका. फोटो म्हणजे फोटो. वस्तूसमोर उभं राहणं वेगळं.

रसायनवाले_सर
वस्तूसमोर उभं राहायला दसऱ्याचा एक दिवस पुरे आहे. वर्षभर भिंतीवर नको.
आता त्या काळ्या खुणेबद्दल. जवळून फोटो टाका.

इंदोऱ्याची_नात
टाकला. तीन आडव्या रेघा आणि वर एक टिंब. इतकी काळी की नवीच वाटते. आत्या म्हणते शाईचा डाग आहे.

रसायनवाले_सर
शाई नाही. बिब्बा आहे. परीट कपडे ओळखायला बिब्ब्याच्या रसानं अशी खूण करायचे, प्रत्येक घराची वेगळी. तो रंग धुऊन जात नाही, म्हणूनच वापरायचे. तो काढायच्या फंदात पडू नका, निघणार नाही आणि कापड जाईल.

मिलमजुराचा_पोरगा
सर, एक विचारतो, राग मानू नका. १९५६ साली इंदोऱ्यातल्या मजुराच्या घरचे कपडे परटाकडे कोण देणार? आमच्याकडे तर आजीच विहिरीवर धुवायची. परीट आपले कपडे घ्यायचेच नाहीत, हे मी घरात ऐकलं आहे. ती खूण दुसऱ्या कोणाची असू शकते.

चंद्रपूरकर
अगदी. मग लुगडं कोणाकडून तरी जुनं घेतलं असेल. पांढरं मिळत नव्हतं म्हणता ना.

संग्रहालयवेडा
दोन्ही अंदाज आहेत. घरातलं सगळ्यात जुनं माणूस कोण? आत्या? त्यांना खूण दाखवा आणि विचारा. पण "ही परटाची खूण आहे का" असं विचारू नका, हो म्हणून मोकळ्या होतील. "हे काय आहे" एवढंच विचारा. आणि फोन समोर ठेवून आवाज घ्या.

इंदोऱ्याची_नात
विचारलं. आत्या आधी शाईच म्हणाली. मग मोठ्या बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, ही तर आपली खूण, माझ्या शाळेच्या सदऱ्यावरपण होती. साठ सालानंतर कधीतरी गल्लीच्या तोंडाशी एक परीट राहायला आला, तो आमच्याच समाजाचे कपडे घ्यायचा. आजी रोजचं घरीच धुवायची. पण हे लुगडं ती दर १४ एप्रिलला आणि घरातल्या प्रत्येक लग्नात नेसायची, आणि त्याच्या आधी कडक इस्त्रीसाठी परटाकडे जायचं. म्हणजे ते पेटीत पडून नव्हतं, कितीतरी वर्षं वापरात होतं. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. मोठे बाबा मग अर्धा तास बोलत होते, कोणाच्या लग्नात कुठं बसली होती, काय म्हणाली होती. आत्यानं मध्येच सांगितलं की काळ्या दोऱ्याचं रफू माझ्या बाबांच्या बारशाच्या वेळचं आहे, खिळ्याला अडकून फाटलं होतं.
सगळं रेकॉर्ड केलं आहे.

मिलमजुराचा_पोरगा
ताई, मी खोटा ठरलो याचा आनंद आहे. जय भीम.

धंतोलीच्या_काकू
किती छान. तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग. आता मीही म्हणते, लिंबू राहू दे.

इंदोऱ्याची_नात
धन्यवाद काकू. पण मूळ प्रश्न अजून आहे ना. मग डाग तसेच ठेवायचे? धुवायचंच नाही? आत्या विचारते, इतकं पिवळं कापड दसऱ्याला बाहेर कसं काढायचं, लोक काय म्हणतील.

रसायनवाले_सर
धुणं वाईट नाही. जुन्या सुतात साचलेला पिवळेपणा नुसत्या स्वच्छ पाण्यानं बराच निघतो, जाणकार संरक्षक हेच करतात. पण ते कापड जाळीवर आडवं पसरून, जाळीसकट उथळ ट्रेमध्ये सोडतात, क्षार नसलेलं पाणी वापरतात, चोळत नाहीत, पिळत नाहीत, आणि जाळीसकटच उचलतात. ओलं नऊवारी दोन हातांनी बादलीतून उचललं तर पाण्याच्या वजनानंच घडीवर फाटेल. बोअरच्या पाण्याचा तर विचारही नको. घरी दसऱ्याच्या घाईत हे करू नका.
गंजाचे ठिपके काढायचे का, हा निर्णयही त्यांनाच घेऊ द्या. पेटीतून बाहेर काढलं की ते पसरणं थांबेल, तेवढं आत्ता पुरे आहे.
दसऱ्यासाठी मोठ्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर, त्यावर लुगडं पसरून, खिडकीपासून लांब. हळद-कुंकू, फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती त्या टेबलावर नको. पिवळं आहे तर असू द्या.

संग्रहालयवेडा
आणि त्याआधी कोरडी धूळ काढा. मऊ रुंद ब्रश घ्या, नवा, रंगाला न लागलेला. कापडावर बारीक नायलॉनची जाळी ठेवून जाळीवरून हलक्या हातानं फिरवा, म्हणजे धागे ओढले जात नाहीत. हात धुऊन, अंगठ्या-बांगड्या काढून. निळ्या काठाचा रंग पक्का आहे का ते पाहायला आतल्या टोकाला ओला पांढरा कापूस हलकेच टेकवा. कापूस निळा झाला तर धुणाऱ्याला आधीच सांगता येईल.
पुढचं विचाराल तर नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे, तिथं बाबासाहेबांचे कपडे आणि वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, टाइपरायटरसुद्धा. तिथल्या लोकांशी बोला, कपडे सांभाळण्याचा प्रश्न त्यांनाही रोजचा आहे. सिव्हिल लाइन्सचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासूनचं आहे, तिथंही विचारता येईल. लखनौला राष्ट्रीय संरक्षण प्रयोगशाळा आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संरक्षण केंद्र आहे. सल्ला मागणं म्हणजे दान देणं नव्हे, हे घरच्यांना आधी सांगा, नाहीतर भांडण होईल.

चंद्रपूरकर
दान दिलं तर वाईट काय? घरात किती पिढ्या सांभाळणार? संग्रहालयात हजारो लोक पाहतील.

इंदोऱ्याची_नात
घरातच राहील. आत्या आहे तोवर तर नक्कीच. नंतरचं नंतर, पण आजीनं ते सत्तर वर्षं घरात ठेवलं, लग्नांत नेसलं, आम्हाला इतक्यात दुसऱ्याच्या ताब्यात देववत नाही.
ठरलं असं: पेटी बाहेर, पेपर बाहेर (तारखेचा तुकडा सापडला, १९८९ चा आहे). ब्लिच नाही. आत्या तयार झाली, कारण मोठ्या बाबांनी सांगितलं की कापड कुजलं असतं तर ती खूणही गेली असती. फ्रेम लुगड्याच्या फोटोची होईल, मोठे बाबाही तयार झाले. दसऱ्याला टेबलावर पसरून ठेवू आणि मी लहान मुलांना कोणती खूण कशाची ते सांगीन. नंतर चिचोलीला जाऊन बोलणार.
फक्त एक राहिलं. नऊवारी गुंडाळायला किती लांबीची नळी लागेल? आणि मांजरपाट किती आणू?

गांधीबाग_कापडवाला
लांबीचं नाही, रुंदीचं पाहायचं. लुगड्याचा पन्हा मोजा, नळी त्याहून दोन्ही बाजूंनी वीतभर मोठी घ्या, म्हणजे काठ दुमडत नाही. गुंडाळताना दोघं हवेत, एकानं सरळ धरायचं, एकानं फिरवायचं, आणि काळं रफू वरच्या बाजूला ठेवा, आत दाबू नका. मांजरपाट बारा मीटर घेऊन ठेवा, धुतल्यावर आटते. खळ काढायला, वाळवायला वेळ जाईल, तेव्हा याच आठवड्यात या.

अकोल्याचा_भाऊ
ताई, दसऱ्याला आईला घेऊन येतो आहे. बाहेरच्यांना लुगडं पाहता येईल का? आईची आईपण तेव्हा आली होती.

इंदोऱ्याची_नात
नक्की या भाऊ. पत्ता मेसेजमध्ये देते. आईंना सांगा, जेवूनच जायचं.